भिंतीतला म्हातारा

जुन्या बंदरावरची चढण संपते तिथल्या शेवटच्या घराला समुद्राच्या बाजूने एकही खिडकी नाही. दार मागे, टेकडीकडे. स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीकडे बघते. समुद्र दिसावा म्हणून ह्या शहरात लोक काय काय खटपटी करतात, आणि ह्या घराने त्याच्याकडे चक्क पाठ फिरवली आहे. त्या बाजूला आहे ती नुसती भिंत. दोन मजली, सपाट, वर्षानुवर्षांच्या चुन्याने पांढरीफटक.

घरातल्या बाईंना सारं बंदर चुनेवाल्या काकू म्हणतं. सत्तरी कधीच मागे पडली आहे. बांधा काटकुळा, पाठ ताठ, डावा पाय किंचित ओढत चालतात. चुन्याने बोटांची कातडी इतकी गेली आहे की बँकेतल्या यंत्राला त्यांचा अंगठा ओळखता येत नाही. "मी आहे की नाही तेच त्याला कळत नाही," असं त्या सांगतात आणि स्वतःच हसतात.

ही भिंत म्हणजे काय, हे कळायला बोटवाल्यांचं शहर माहीत हवं. ते आपल्या शहराहून वेगळं असतं. आपण ज्याला कस्टमची जुनी कचेरी म्हणतो, ती तिच्या घुमटामुळे त्यांची 'टोपी'. बर्फाच्या बंद कारखान्याचं धुराडं म्हणजे 'विडी'. बंदराच्या तोंडाशी, पाण्याखाली हातभर दडलेला खडक म्हणजे 'आत्याबाई', कारण ती न बोलावता येते आणि आली की नुकसान केल्याशिवाय जात नाही. आत्याबाईला चुकवून आत यायची वाट अरुंद, आणि ती दाखवायला दोन खुणा. धक्क्यावर उभा असलेला काळ्या दगडाचा उंच खांब, त्याचं नाव 'म्हातारा'. आणि त्याच्या बऱ्याच मागे, चढणीवर, ही पांढरी भिंत. समुद्रातून येताना म्हातारा भिंतीच्या मधोमध दिसला की तुम्ही वाटेवर. तो भिंतीच्या एका कडेला सरकला की तुम्हीही तितकेच सरकलात, आणि सुकाणू वळवून त्याला परत मध्ये आणायचा. नव्या पोराला बोटीवर घेतलं की पहिलं वाक्य शिकवत ते हेच: म्हाताऱ्याला भिंतीत उभा कर आणि ये.

काकू ह्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे बंदराच्या नोकरीत होते. घर त्यांना एका अटीवर मिळालं होतं: समुद्राकडची भिंत कोरी आणि पांढरी ठेवायची. खिडकी पाडायची नाही, वेल चढवायचा नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत. चुन्यात नीळ मिसळायची नाही, कारण निळसर भिंत आभाळात विरघळून जाते. कळीचा चुना भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, धरून राहावा म्हणून त्यात डिंक घालायचा आणि दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याला आडवा. हे सगळं सासऱ्यांनी सुनेला शिकवलं. आणखी एक गोष्ट सांगितली. भिंतीपुढे जी फरसबंद ओटी आहे, तिच्यावर उभं राहायचं नाही.

"का म्हणून विचारायची सोय नव्हती," काकू सांगतात. "मामंजी म्हणायचे, भिंत आपली नाही, बाहेरच्यांची आहे. मला वाटायचं, पाठ टेकली तर मळेल म्हणून म्हणत असतील."

काकूंचा नवरा पायलट बोटीचा तांडेल होता. मोठ्या जहाजावर वाटाड्याला चढवायचं आणि बोट परत आणायची, हे त्याचं काम. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि काकूंना दिवस गेले होते. अशातच एका धुक्याच्या सकाळी त्याची बोट आत्याबाईवर आपटली. तो गेला. बोटीवरचा इंजिन सांभाळणारा तेवढा पोहून वर आला. त्याला सगळे डिझेलमामा म्हणतात. आज तो ऐंशीच्या घरात आहे आणि धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत त्याचं बाकडं ठरलेलं आहे.

त्या बाकड्यावर बसून त्याने उभं आयुष्य एकच हकिगत सांगितली. धुकं खाली होतं, धक्का बुडाला होता, वरची भिंत मात्र लख्ख. भिंतीत म्हातारा दिसत होता. तांडेल निश्चिंत होता. मध्येच पाण्याचा आवाज बदलला म्हणून त्याने सुकाणू डावीकडे घातलं. म्हातारा हलला नाही. उजवीकडे घातलं. तरी हलला नाही.

"आम्ही वळू तसा वळत होता तो," डिझेलमामा सांगायचा. "मधोमधच. बघत होता आमच्याकडे."

"मामा, आदल्या रात्रीची उतरली नव्हती तुमची," असं टपरीवाला म्हणायचा, बाकीचे हसायचे, आणि मामा पुन्हा एक चहा मागवायचा. पण ही गोष्ट ऐकून मोठी झालेली बोटीवरची माणसं धुक्यात त्या खांबाकडे बघताना गप्प होत.

काकूंचा मुलगा बापाच्या पश्चात जन्मला, आणि नाही नाही म्हणता पायलट बोटीवरच गेला. काकूंनी आकांत केला नाही. त्या वर्षीपासून चुन्याचे दोन हात होते त्याचे तीन झाले, एवढंच. स्वतः त्यांनी मात्र बोटीत कधी पाऊल टाकलं नाही. म्हणजे जी भिंत त्यांनी जन्मभर राखली ती जिथून बघायची तिथून त्यांनी एकदाही पाहिली नव्हती.

मग म्हातारा पडला. एका मालवाहू बार्जचा दोर तुटला, त्याची धडक बसली आणि खांब मधून दुभंगला. बंदर खात्याने उरलेला बुंधा उपटून तिथे गाड्या लावायला जागा केली. नवीन खांब बसवणार का, असं मुलाने साहेबांना विचारलं, तर साहेब म्हणाले, "अहो, जीपीएसच्या जमान्यात खांब कसला मागता? पलीकडून दिव्यांची नवी वाट केली आहे ना?"

"ती लांबून आहे साहेब. आणि जीपीएस पाण्यात पडला की सरळ आत्याबाईच्या घरी जातो."

साहेब हसले. खांब झाला नाही. बहुतेक बोटी दिव्यांच्या वाटेने येऊ लागल्या. पण लांबची वाट म्हणजे डिझेल जास्त, आणि सवय म्हणजे सवय. लहान बोटवाले उजेड स्वच्छ असला की जुन्याच वाटेने, अंदाजाने घुसायचे. मुलगाही त्यातलाच.

थंडी पडली, धुकं धरू लागलं, आणि टपरीत कुणीतरी पहिल्यांदा ते बोललं. मासेमारीच्या बोटीवरचा माणूस होता. आवाज खाली आणून म्हणाला, "म्हातारा परत उभा आहे."

"कुठं?"

"भिंतीत. मधोमध. बघितला मी."

"तिथं आता साहेबांची गाडी उभी असते. ती बघितली असशील."

"गाडी काळी आणि उभी असती का रे?"

हसले सगळे. पण पुढच्या धुक्याला आणखी दोघांना तो दिसला. खाली धक्का बुडालेला, वर भिंत पांढरी, आणि तिच्यात काळी उभी रेघ. तिघांपैकी एकाने तिच्यावर भरवसा ठेवून बोट आत घातली. नशीब म्हणून नुसती घासली. तळाची फळी निघाली, माणसं वाचली. काठावर आल्यावर तो एवढंच सांगत होता की मी बोट कुठेही नेली तरी तो मधोमधच होता.

त्या दिवशी डिझेलमामाने त्याची नेहमीची हकिगत सांगितली नाही. उठून घरी गेला.

मुलाने हे सगळं हसण्यावारी नेलं. मग त्याची पाळी आली. जहाजावर वाटाड्याला सोडून तो पहाटे परतत होता. धुकं पाण्यावर मांडून ठेवल्यासारखं, टोपीचा घुमट आणि विडीचं टोक तेवढं वर. आणि चढणीवर भिंत. भिंतीत म्हातारा. मुलगा सांगतो की पहिल्या क्षणी त्याला भीती वाटलीच नाही. बरं वाटलं. हात आपोआप सुकाणूवर सैल पडला. लहानपणापासून जे बघत आलो ते परत जागेवर आलं, असं काहीतरी. मग आठवलं की म्हातारा नाही. मुद्दाम डावीकडे घेतलं. तो मधोमध. उजवीकडे घेतलं, चांगलं लांबवर. मधोमध.

त्याने इंजिन उलटं टाकलं, बोट बाहेर मोकळ्या पाण्यात नेली आणि धुकं विरेपर्यंत तिथेच थांबला. नजर भिंतीवरून काढली नाही. ऊन वर आलं, धक्का दिसायला लागला, गाड्या दिसायला लागल्या. खांबाच्या जागी काही नव्हतं. भिंतीतली काळी रेघ मात्र तशीच होती. मग ती रेघ वाकली. खालून काहीतरी उचललं. आणि डावा पाय किंचित ओढत घराच्या कोपऱ्यामागे गेली.

तो घरी पोचला तेव्हा आई स्वयंपाकघरात चहा टाकत होती. खुंटीवरची काळी शाल दवाने ओली होती.

"आज उशीर केलास."

"आई, पहाटे कुठं होतीस?"

"कुठं असणार? घरात."

"शाल भिजली ती घरात?"

काकूंनी कप पुढे सरकवला. "म्हातारा नाही, तर कुणीतरी उभं राहायला नको? तू आंधळ्यासारखा येणार आणि मी इथं चहा ढवळत बसणार होय?"

"कधीपासून उभी राहतेस?"

"धुकं असलं की. आणि हे बघ, उगाच कुठंही नाही उभी राहत. सुतळी लावून मधोमध खूण केली आहे. बोटभर इकडं तिकडं होत नाही."

"तीच तर भानगड आहे!"

त्याचा आवाज इतका चढला की सून आतून धावत आली. मुलाने टेबलावर साखरेचा डबा ठेवला आणि त्याच्यापुढे, हातभर अंतरावर, तेलाची बाटली. "हा डबा म्हणजे भिंत. बाटली म्हणजे म्हातारा. आता मान इकडून तिकडं कर."

काकूंनी मान हलवली. बाटली डब्याच्या एका कडेला गेली, मग दुसऱ्या.

"दिसलं? म्हातारा सरकतो, म्हणून आपण चुकलो ते कळतं." त्याने बाटली उचलून डब्याला चिकटवून ठेवली. "आता कर."

काकूंनी मान हलवली. बाटली डब्याच्या मधोमधच राहिली.

"तू भिंतीला चिकटून उभी राहतेस, आई. कुठूनही बघा, तू मधोमधच. माणसाला वाटतं आपण वाटेवर आहोत, आणि तो सरळ आत्याबाईवर जातो."

काकू डब्याकडे बघत राहिल्या. मग झाकण नीट बसवून तो फळीवर ठेवला. "डबे-बाटल्या मांडून आईला शिकवतोस. माणूस म्हणजे बाटली नव्हे. तू मला ओळखलं असतंस."

"नाही ओळखलं. मला म्हातारा दिसला."

हा वाद मिटेना. पुढच्या धुक्याला त्या परत उभ्या राहतील हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि मुलगा काही रोज घरी बसणार नव्हता. शेवटी तो म्हणाला, "तू स्वतः बघ. तुझ्या जागी हिला उभी करतो."

"मी? बोटीत?"

"एकदाच. मग तुला वाटेल ते कर."

त्या तयार होतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण धुक्याची सकाळ उजाडली आणि काकू धक्क्यावर चपला हातात घेऊन उभ्या होत्या. डिझेलमामा सुद्धा आला होता. कुणी बोलावलं नव्हतं. "इंजिन कोण बघणार?" एवढंच पुटपुटून तो खाली उतरला. वर घरी सुनेने काळी शाल पांघरली आणि सुतळीच्या खुणेवर जाऊन उभी राहिली.

बोट दिव्यांच्या लांबच्या वाटेने बाहेर गेली आणि वळली. काकूंनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

"ती बघ, आई."

काकूंनी पाहिलं. मग म्हणाल्या, "एवढीशी?"

"लांबून आहे ना."

"एवढ्याशा भिंतीपायी इतका चुना फासला मी?"

मुलगा हसला. डिझेलमामा हसला नाही. धक्का धुक्याखाली गेलेला होता. त्याच्यावर ती टिकलीएवढी पांढरी भिंत अधांतरी टांगल्यासारखी, आणि तिच्यात एक बारीक काळी रेघ. तिला चेहरा नव्हता. हात नव्हते. बाई आहे, पुरुष आहे, दगड आहे, काही म्हणता आलं नसतं. मुलाने बोट डावीकडे घेतली, सावकाश. रेघ मधोमध. उजवीकडे घेतली, आत्याबाईच्या अंगावर जाईल इतकी. रेघ मधोमध, आपल्याकडे तोंड करून, आपल्याचसाठी उभी असल्यासारखी. इंजिन बंद केलं तेव्हा आत्याबाईवर पाणी चाटल्याचा आवाज अगदी जवळून येत होता.

"पटलं?" मुलाने विचारलं.

काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या डिझेलमामाकडे वळल्या. "भावजी, त्या दिवशी असंच दिसलं होतं?"

डिझेलमामा इंजिनावर वाकला होता. आयुष्यभर ज्याने त्या सकाळीबद्दल दुसरं काही सांगितलं नव्हतं, तो म्हणाला, "मला काय ठाऊक, वहिनी. माझं लक्ष इंजिनाकडं होतं."

"सगळ्या बंदराला सांगत आलात. मलाच तेवढं सांगता, लक्ष नव्हतं म्हणून?"

मामाने फडक्याने स्वच्छ असलेला पंप पुसायला घेतला.

"उशीर झाला होता ह्यांना," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, बाजारात काय आणायचं ते सांगावं तसा. "मामंजी कामावर गेले होते. म्हटलं, बघणारं कोण आहे? घटकाभर जाऊन उभी राहते, बोट दिसली की आत येईन. हीच शाल होती. बोट दिसलीच नाही मला. खाली सगळं पांढरं होतं."

मुलाचा हात सुकाणूवर होता. त्याने तो काढला आणि परत ठेवला.

बोट आपोआप थोडी वाहवत गेली. भिंतीतली रेघ हलली नाही.

मग काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना स्वतःलाच त्या क्षणी आठवत असावी. नवरा गेल्यावर तेरा-चौदा दिवसांनी सासऱ्यांनी भिंतीपुढच्या ओटीभोवती काटेरी तार लावली. कशाला, असं शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणाले, बकऱ्या येतात. पुढे ते कितीतरी वर्षं जगले. काकूंच्या हातचं जेवले, नातवाला खांद्यावर घेऊन फिरले, एक वाकडा शब्द बोलले नाहीत. ते गेल्यावर तार गंजली, तुटली, आणि काकूंनीच ती भंगारात दिली.

"ह्या टेकडीवर बकऱ्या कधी होत्या का रे?" त्यांनी विचारलं.

मुलगा म्हणाला, "चल, आई. परत जाऊ." आणि बोट लांबच्या वाटेला लावली.

त्यानंतर काकू पडून राहिल्या नाहीत, रडत बसल्या नाहीत, निदान कुणी पाहिलं नाही. आठवडाभरात त्यांनी पिंपात चुना भिजवला. ह्या वेळी त्यात काजळी घातली, गेरू घातला आणि टेकडीची माती चाळून घातली. शिडीवर सुनेला चढवलं, खालचा भाग स्वतः केला. दोन हात दिले, दुसरा पहिल्याला आडवा. भिंत टेकडीच्या रंगाची झाली.

टपरीत आरडाओरडा झाला. शहराची खूण पुसली, म्हातारीला विचारणारं कुणी नाही का, असं काहीजण म्हणाले. त्यांना डिझेलमामाने पहिल्यांदाच झापलं: "तुझ्या बोटीत दिवे आहेत, दिव्यांची वाट आहे, डोळे फुटले आहेत का?" साहेबांच्या तर लक्षातही आलं नाही. आता लहान बोटीसुद्धा झक मारत लांबच्या वाटेने येतात. आत्याबाईकडे ह्या हंगामात कुणी पाहुणं गेलेलं नाही.

समुद्रातून आता ते घर सापडत नाही. कुठे असायला हवं ते ठाऊक असूनही नजर टोपीवरून विडीवर घसरते आणि मधे नुसती टेकडी असते. मुलगा म्हणतो की सगळ्यात त्रास हाताचा आहे. धुक्यात हात त्या जागेकडेच वळतो, त्याला धरून दुसरीकडे न्यावं लागतं. "काही नाही तिथं, हे मला माहीत आहे. हाताला माहीत नाही."

पण तिथे काही नाही असंही नाही. परवा पुन्हा धुकं धरलं होतं. चढण संपवून घराच्या कोपऱ्यावरून वळलं तर ओटीवर काकू उभ्या होत्या. काळी शाल, काळपट भिंत, पाठ ताठ. पायाखाली सुतळीची खूण अजून होती. चार पावलांवर येईपर्यंत त्या दिसल्याच नाहीत. खाली कुठेतरी, धुक्याच्या पोटात, पायलट बोटीचं इंजिन ऐकू येत होतं, लांबच्या वाटेने जाणारं.

कुणीतरी आलं आहे हे त्यांना कळलं, पण त्यांनी मान वळवली नाही.

"आता हरकत नाही," त्या म्हणाल्या. "आता मी दिसत नाही."